गवंड्याची परीक्षा

खेड्यात कोणी घर बांधावयास काढले, म्हणजे मालक पहिली चौकशी गवंड्याची करतो. याने आजवर कोणाकोणाची घरे बांधली? याची भिंत ओळंब्यात उभी राहते का? याने बांधलेल्या घरात पावसाळ्यात ओल येते का? एवढ्या प्रश्नांची उत्तरे मनासारखी मिळाली, की इसार दिला जातो. हा गवंडी कोणत्या इयत्तेपर्यंत शिकला, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. याच्या उलट, तोच गवंडी एखाद्या कारखान्यात कायमच्या नोकरीसाठी गेला, तर तेथला कारकून त्याच्या हातांकडे ढुंकूनही पाहत नाही. तो एवढेच विचारतो, "दाखला कोठे आहे?"

एकाच कारागिराची दोन दारांवर अशी दोन रीतींनी पारख होते. यांपैकी कोणती पारख खरी, हा वाद आपल्याकडे फार दिवस चालला आहे. ज्या माणसाने सारा जन्म शाळेत घालविला आणि मुलांच्या दाखल्यांवर सह्या करण्यात ज्याची बोटे झिजली, तो या वादात दाखल्याचीच बाजू घेणार, असे तुम्हांला वाटत असेल. तुमची ही अपेक्षा मी पुरी करणार आहे, पण अर्धीच.

प्रथम हाताची बाजू ऐका. कसलेल्या गवंड्याच्या हातात जे ज्ञान असते, ते कोणत्याही पुस्तकात पुरतेपणी उतरलेले नाही. विटेवर वीट आपटून केवळ नादावरून तो सांगतो, की ही पक्की भाजली आहे आणि ही कच्ची आहे. वैशाखातल्या उन्हात कालविलेला माल किती वेळात वापरून संपवावा, ढीगभर वेड्यावाकड्या दगडांतून या जागेला नेमका कोणता दगड बसेल, त्याची कोणती बाजू दर्शनी ठेवावी आणि कोणती आत दडवावी, हे ठरविताना त्याला क्षणाचाही विलंब लागत नाही. "हे तुम्हांला कसे समजले?" असे त्याला विचारा. तो हसेल आणि म्हणेल, "हाताला समजतं, बाळ." हे उत्तर टाळाटाळीचे नव्हे. उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षे घमेली वाहून, थापी धरून, चुकलेली भिंत पुन्हा उतरवून आणि प्रसंगी बोलणी खाऊन जी विद्या अंगात मुरलेली असते, ती शब्दांत सांगता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या विद्येचे वैभव पाहावयाचे असेल, तर आमच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गास या. या जिल्ह्याला २०२३ सालापर्यंत उस्मानाबाद जिल्हा म्हणत. नळदुर्गचा किल्ला तुळजापूर तालुक्यात आहे. तेथे बोरी नदीला दगडी बंधारा घालून किल्ल्याच्या तटाशी पाणी अडविलेले आहे, आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच एक महाल बांधलेला आहे. दुसरा इब्राहिम आदिलशहा विजापूरच्या गादीवर असताना, १६१३ च्या सुमारास हे काम झाले. पावसाळ्यात नदी भरून आली, की बंधाऱ्याच्या डोक्यावरून पाण्याचे प्रचंड लोट खाली कोसळू लागतात. लोक त्यांना नर आणि मादी असे म्हणतात. त्या लोटांच्या मागे, बंधाऱ्याच्या आत, माणूस कोरड्या अंगाने उभा राहू शकतो. चारशे वर्षांहून अधिक काळ हे पाणी त्या दगडांवरून वाहत आहे. ज्या पाथरवटांनी हे दगड घडविले आणि ज्या गवंड्यांनी ते बसविले, त्यांच्यापाशी कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती.

पाणीमहाल पाहून आलेला मनुष्य सहजच म्हणतो, "पाहा, शिक्षणावाचून केवढे काम झाले!" येथे मात्र थोडे थांबावयास हवे. एक तर, ते कारागीर शिक्षणावाचून होते, हे खरे नाही; पदवी नव्हती, गुरू होता. आणि दुसरे असे, की त्या काळात बांधलेले जे बळकट होते, तेच आज आपल्यापुढे उभे आहे. जे कच्चे होते, ते केव्हाच पडले. त्याचे दगड लोकांनी गोठ्यांना लावले. उरलेल्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडणे हे काही खरे गणित नव्हे.

आता याच जिल्ह्यातील दुसरी हकीकत सांगतो. ती सांगताना आजही मन जड होते.

१९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक रात्री उशिरा थकून निजले. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजावयास काही मिनिटे असताना, जमीन हादरली. भूकंपाचा मध्य लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ होता. परंतु आमच्या जिल्ह्यातील, तेव्हा उमरगा तालुक्यात असलेली सास्तूर, होळी यांसारखी गावेही त्यात जमीनदोस्त झाली. सरकारी गणनेप्रमाणे आठ हजारांच्या जवळपास माणसे मेली. जगातील भूकंपांच्या मानाने हा भूकंप फार मोठा नव्हता. सुमारे सव्वासहा तीव्रतेचा होता. मग एवढी माणसे का मेली? याचे उत्तर जमिनीत जितके आहे, तितकेच घरांच्या भिंतींत आहे.

त्या भागातील जुनी घरे काळ्या दगडाची आणि मातीची होती. भिंत दीड-दोन हात जाड असे. बाहेरून पाहणाऱ्याला ती अखंड वाटे. पण खरे पाहता त्या एकमेकींना पाठ लावून उभ्या राहिलेल्या दोन भिंती होत्या. एक तोंड घराबाहेर, दुसरे घरात, आणि मधल्या पोकळीत बारीक दगडगोटे व माती यांचा भराव. या दोन तोंडांना एकत्र धरून ठेवील असा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड मध्ये कोठेच नव्हता. वर लाकडी तुळयांचे माळवद आणि त्यावर मातीचा जाड थर. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती टाकीत. त्यामुळे वर्षागणिक थर वाढत जाई आणि ओझेही वाढत जाई. उन्हाळ्यात हे घर मोठे थंड असे. मराठवाड्यातील ऊन ज्याने सोसले आहे, त्याला त्या गारव्याची किंमत विचारावी.

जमीन हादरताच भिंतीची दोन तोंडे एकमेकांपासून सुटली; एक बाहेर कोसळले, एक आत; आणि वरचे ओझे निजलेल्या माणसांवर आले. ज्या घरांत माळवदाखाली लाकडी खांब होते आणि खांब व तुळया यांचे सांधे पक्के होते, तेथे भिंती पडल्या तरी लाकडी सांगाडा पुष्कळ ठिकाणी तसाच उभा राहिला, आणि त्याच्या आसऱ्याने माणसे वाचली. कुडाच्या व गवताच्या झोपड्यांतील गरिबांना तर त्या रात्री त्यांच्या गरिबीनेच वाचविले.

ही दगडी घरे बांधणारे गवंडी आळशी होते का? लबाड होते का? मुळीच नव्हे. त्यांच्यात चांगले नाव असलेले, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करीत आलेले लोक होते, आणि त्यांनी स्वतःची घरेही याच रीतीने बांधली होती. उणीव होती ती त्यांच्या कसबात नव्हे. अनुभवाने त्यांना ही गोष्ट शिकविलीच नव्हती. अनुभव ही शिकवू शकत नव्हता.

असे का, ते नीट समजून घ्या. सुताराने दरवाजा बसविताना चूक केली, तर तो दरवाजा दुसऱ्याच दिवशी चौकटीला घासू लागतो. मालक ओरडतो, सुतार रंधा घेऊन येतो, आणि ती चूक तो जन्मात पुन्हा करीत नाही. लोहाराने विळ्याला पाणी नीट दिले नाही, तर पहिल्याच सुगीत विळ्याची धार वळते. अशा कामांत अनुभवासारखा गुरू नाही, कारण तो छडी लगेच मारतो. परंतु भिंतीत आरपार दगड घातला नाही, तर दुसऱ्या दिवशी काही होत नाही. दहा वर्षांनीही होत नाही. भिंत पन्नास वर्षे सरळ उभी राहते. गवंड्याचे नाव होते. त्याचा मुलगा त्याचीच रीत उचलतो. पुढे एका पहाटे सगळ्या चुकांचा हिशेब एकदम होतो; आणि त्या वेळी, ज्याने शिकावे तोही पुष्कळदा ढिगाऱ्याखाली असतो.

आजच्या कामांतही याची उदाहरणे हवी तितकी आहेत. काँक्रीट कालविताना पाणी जास्त घातले, की ते पसरावयास सोपे जाते, म्हणून पुष्कळ अनुभवी हात सढळपणे पाणी ओततात. त्याने काँक्रीट दुबळे होते, पण ते कळावयास वर्षे लागतात. घरातील विजेच्या तारा जोडणाऱ्याने जमिनीत जाणारी अर्थिंगची तार जोडली नाही, तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. मग कधी तरी पावसाळ्यात, ओल्या हाताने कोणी लोखंडी कपाटाला किंवा मोटारीला हात लावतो, आणि होऊ नये ते होते. "मी वीस वर्षे असेच करीत आलो; काही झाले नाही," हे वाक्य अशा वेळी पुरावा म्हणून मुळीच चालत नाही. विजेच्या कामासाठी कायद्याने परवाना लागतो, तो उगाच नव्हे.

मग जे आपल्या हाताने कधी अनुभवले नाही, ते शिकावयाचे कोठून? दुसऱ्याच्या अनुभवावरून. ११ डिसेंबर १९६७ रोजी याच महाराष्ट्रात कोयनानगर येथे भूकंप झाला होता. तेथेही दगडी बांधकामाची घरे कोसळली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसे मेली. म्हणजे सास्तूरच्या गवंड्यास जो धडा हवा होता, तो सव्वीस वर्षे आधीच सह्याद्रीच्या कुशीत दिला गेला होता. परंतु कोयनेच्या ढिगाऱ्याने शिकविलेली गोष्ट उमऱ्याच्या थापीपर्यंत चालत येत नाही. तिला कोणी तरी लिहून, छापून, शिकवून आणावी लागते. पुस्तक म्हणजे परक्या गावच्या, परक्या काळच्या कारागिरांचा अनुभवच होय, आणि दाखल्याचे खरे मोल असेल तर ते एवढेच, की या माणसाने स्वतःच्या हाताबरोबर दुसऱ्यांच्या हातांचेही ऐकले आहे.

येथपर्यंत मी दाखल्याची बाजू घेतली. परंतु सगळा दोष गवंड्याच्या पदरात टाकून पदवीधरांना मोकळे सोडणे अन्यायाचे होईल. भूकंपात टिकाव धरतील अशी घरे कशी बांधावीत, याची भारतीय मानक संस्थेची नियमावली १९६७ सालीच छापून तयार होती. ती इंग्रजीत होती आणि कचेऱ्यांच्या व महाविद्यालयांच्या कपाटांत होती. खेड्यातील घर बांधताना इंजिनियरला बोलावण्याची रीत नव्हती, आणि इंजिनियरनेही आपण होऊन खेड्याची वाट धरली नाही. शिवाय, देशाच्या ज्या नकाशात भूकंपाच्या धोक्याचे विभाग दाखविले होते, त्यात किल्लारीचा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. १९९२ साली किल्लारीच्या आसपास लहान धक्के जाणवले होते, तरी तो नकाशा तसाच राहिला. पुढे २००२ साली नवा नकाशा निघाला, तेव्हा हा भाग तिसऱ्या विभागात घालण्यात आला. तेव्हा गवंड्याचा हात जसा आपल्या अनुभवापुरताच शहाणा होता, तसे विद्वानांचे पुस्तकही नोंद झालेल्या भूकंपांपुरतेच शहाणे होते. पुस्तकात एक सोय मात्र आहे: ते पुन्हा छापता येते.

भूकंपानंतर जे घडले, ते या वादाच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचे वाटते. पूर्ण उद्ध्वस्त झालेली बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. आणि इतर गावांतील तडे गेलेली लाखावर घरे आहेत तेथेच बळकट करण्याचे काम हाती घेण्यात आले. आता उभी भिंत उतरविल्यावाचून तिच्यात आरपार दगड घालावयाचा कसा? इंजिनियरांनी युक्ती सांगितली, की भिंतीत ठरावीक अंतरावर छिद्रे पाडावी, प्रत्येक छिद्रात दोन्ही टोके वाकविलेली लोखंडी सळई ठेवावी आणि ते काँक्रीटने भरून काढावे. म्हणजे ती जागा आरपार दगडासारखी दोन्ही तोंडांना धरून ठेवील. माळवदावरची माती कमी करावी, कोपरे बांधून घ्यावे, असेही त्यांनी सांगितले. कागदावर हे फार सोपे होते. परंतु मातीत बसविलेल्या जुन्या भिंतीतून नेमका कोणता दगड हलविला असता वरचे चार खाली येणार नाहीत, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. ते गवंड्याला ठाऊक होते. छिद्र का पाडावयाचे, हे इंजिनियरने सांगावे आणि ते कोठून पाडावयाचे, हे गवंड्याने सांगावे, असे ते काम झाले. गावांतील महिला मंडळांच्या बायकांना या कामात संवाद सहायक म्हणून घेतले होते. ज्यांना पूर्वी भिंतीविषयी कोणी एक शब्दही विचारीत नसे, त्या बायका घरोघरी जाऊन बळकट भिंत कशी असते, ते समजावून सांगू लागल्या.

बायकांचा उल्लेख आला, म्हणून एक गोष्ट ओघाने सांगतो. अनुभवाचे गोडवे गाणारे लोक एक प्रश्न सहसा विचारीत नाहीत: अनुभव मिळण्याची संधी कोणाला होती? बापाने मुलाला शिकवावे, मामाने भाच्याला शिकवावे, अशी ही विद्या जातीच्या आणि घराच्या उंबरठ्याआत फिरत असे. बाहेरच्याला तिचे दार बंद, आणि मुलींना तर घरातल्या घरातही बंद. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेला तुमचे आडनाव विचारून कसब शिकविता येत नाही. एखाद्या शेतमजुराची मुलगी तेथे जाऊन वेल्डिंगचे काम शिकते आणि दाखला घेऊन बाहेर पडते, तेव्हा तो कागद केवळ कागद राहत नाही. शेकडो वर्षे बंद असलेल्या दाराची ती किल्ली असते. या एका कारणासाठी मी दाखल्याला अनेक अपराध माफ करावयास तयार आहे.

अपराध मात्र आहेत. "ओळंबा म्हणजे काय?" या प्रश्नाचे पाच गुणांचे उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिणारा मुलगा ओळंबा धरू शकेलच, असे नाही. केवळ उत्तरे पाठ करून मिळविलेला दाखला अज्ञानाहूनही वाईट; कारण अडाणी मनुष्य निदान दुसऱ्याला विचारतो, आणि हा विचारीत नाही. जर्मनीत तरुण कारागीर आठवड्यातील बरेचसे दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत काढतात. आपल्याकडेही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा हेतू तोच होता, की मुलाने उद्योगात राहून शिकावे. तो हेतू जेथे प्रामाणिकपणे पाळला जातो, तेथे चांगले कारागीर तयार होतात. जेथे उमेदवाराला चहा आणावयास आणि कचरा काढावयास ठेवतात, तेथे दोन्ही विद्या बुडतात.

राहता राहिले ते आमच्या गावोगावचे गवंडी, लोहार, सुतार, ज्यांचे हात तयार आहेत आणि ज्यांच्यापाशी कागद नाही. त्यांना या वयात बाकावर बसविणे हास्यास्पद होईल. २०१५ पासून, आधी मिळविलेल्या कौशल्याची पारख करून दाखला देण्याची सोय सरकारने केली आहे. आणि १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत गवंड्यांसह अठरा प्रकारच्या कारागिरांसाठी थोड्या दिवसांचे शिक्षण व त्या दिवसांपुरता रोज पाचशे रुपये भत्ता ठरविला आहे. पाच-सात दिवस म्हणजे फार थोडे, असे काही लोक म्हणतात. मला ते थोडे वाटत नाहीत. पण ते दिवस कशात घालवावयाचे, हे आधी ठरले पाहिजे. तीस वर्षे थापी चालविलेल्या माणसाला थापी कशी धरावी हे शिकविण्यात ते गेले, तर त्याचा अपमान होईल आणि भत्ता फुकट जाईल. जे त्याच्या हाताला ठाऊक होणे शक्यच नव्हते, तेवढेच त्याला सांगावे: जमीन हादरली, की भिंत कोठे फुटते, पाणी जास्त झालेल्या काँक्रीटचे काय होते, आणि कोपरे कसे बांधावे.

मग त्याची परीक्षा घ्यावी. ती खोलीत बसवून, कागद पुढे ठेवून घेऊ नये. मोकळ्या जागेत, दगडांच्या ढिगाऱ्यापाशी घ्यावी. ओळंबा, गुण्या आणि पाणसळ त्याच्या हाती देऊन तीन हात उंच भिंतीचा एक कोपरा त्याला उभारावयास सांगावा. भिंत उभी राहिली, की परीक्षकाने दोनच प्रश्न विचारावे: आरपार दगड कोठे कोठे घातलेस? आणि का घातलेस? पहिल्याचे उत्तर भिंत देईल. दुसऱ्याचे त्याने आपल्या बोलीत, सुचेल त्या शब्दांत द्यावे. उत्तर बरोबर आले, तर सही येत नसली तरी अंगठा उठवून घेऊन त्याला दाखला द्यावा. आणि तो दाखला दाखविल्यावर मालकाने त्याला मजुरी वाढवून दिली पाहिजे. नाही तर परीक्षेसाठी बुडालेला रोज त्याला कोणी भरून द्यावयाचा?